सदतीस अंश

पावणेपाच. लास पिएद्रासच्या कत्तलखान्यामागे
फाटकाला एकच दिवा, तोही मिणमिणता.
एल्बियो डबा माझ्या हाती देतो.
आत बर्फ, बर्फात सहा मेंदू,
तासाभरापूर्वीच्या मेंढ्यांचे.
"यंदा जुलै हाडात शिरलाय, सेल्मिरा," म्हणतो
आणि डाव्या पायावर भार न देता
उभा राहतो, बगळ्यासारखा.

मॉन्तेविदेओपर्यंत डबा मागच्या सीटवर खळखळतो.
वीस वर्षं हेच. वितळायच्या आत पोचायचं,
वाटायचं, गाळायचं, गरगर फिरवायचं,
मग सदतीस अंशांची ऊब द्यायची.
पाण्यात काहीतरी धरू लागतं,
दह्यासारखं नाही, दोऱ्यासारखं.
मग बर्फ: सगळं उसवून परत पाणी.
पुन्हा ऊब. पुन्हा बर्फ.
जे कधी जमतच नाही ते सांडून देतो,
जे जमल्यावर सुटतच नाही तो गाळ.
दोन्ही ज्याला जमतं
तेवढंच बाटलीत भरून ठेवतो.

जोडीनं येतात ती, आल्फा नि बीटा.
जुळी म्हणावीत तर चेहरे वेगळे,
नवराबायको म्हणावं तर कधी भांडण नाही.
तेरा धागे उभे, कडेला कड लावून,
त्यांची एक नळी, आतून पोकळ,
केसाच्या तीन-हजाराव्या हिश्श्याएवढी जाड.
प्रत्येक जोडी येताना कनवटीला एक नाणं आणते,
भिंतीत बसली की लवकरच ते खर्चून टाकते,
आणि खर्चलं की तिला वाकावंसं वाटतं.
पण वर नव्यांचा थर असतो,
अजून गाठ न सोडलेल्यांचा.
ती टोपी आहे तोवर खालची सगळी
अवघडून सरळ.

ऑगस्टातल्या एका शनिवारी तो आला.
भांग पाडलेला, डावा बूट अंगठ्यापाशी चिरलेला,
काखेत येर्बाच्या कडू काढ्याचा भोपळा.
पडद्यावर उजळ रेघा हळूहळू वाढत होत्या.
"गवत," तो म्हणाला.
तेवढ्यात एक रेघ सरसर आत ओढली गेली,
जणू कुणी खालून दोरा खेचला.
"मेली?"
टोपी उडाली. पुस्तकात याला आपत्ती म्हणतात.
अर्ध्यावर ती थबकली, परत वाढू लागली.
"आणि याला?"
बचाव.
"एवढ्याशा गोष्टीला एवढे मोठे शब्द," तो म्हणाला.

भिंतीवर जुना फोटो आहे, करडा,
कोसळत्या नळीचं टोक:
धागे सुटून बाहेरच्या बाजूला वळलेले.
त्यानं चष्मा वर केला.
"हे तर मेंढ्याचं शिंग."
मी वीस वर्षं त्या फोटोखाली डबा खाते.

मग त्यानं खिशातून गोळी काढली, अंगठ्याच्या सुजेवरची.
मी डबी हातात घेतली.
हे औषध जांभळ्या फुलाच्या कंदातलं.
जोडीच्या सांध्यात पाचर बसते त्याची,
नळी पुढे जात नाही. रक्तातल्या
पांढऱ्या पेशी चालायच्या थांबतात,
म्हणून ठणका उतरतो.
"म्हणजे मी चालावं म्हणून
त्यांना लंगडं करायचं," म्हणाला,
आणि गोळी गिळली.

दारात थांबला. मोडायचंच तर बांधतात कशाला?
मी म्हटलं, पेशी दोन व्हायच्या वेळी
नळ्या चाचपडत सुटतात, दिशा ठाऊक नसते.
जिच्या टोकाला गुणसूत्र लागतं ती टिकते.
बाकीच्या उसवतात,
त्याच विटा दुसरीकडे लागतात.
मला आणखी काही सांगायचं होतं,
पण सदतीसवरचं घड्याळ वाजलं.

मंगळवारी डबा जड लागला.
मोजले: सात.
"वर एक घातलाय," एल्बियो म्हणाला,
"ज्यांना काही लागत नाही त्यांच्यापायी."
नदीकडून वारा सुटला होता.
सातांना बर्फ पुरत नव्हता.
मी गाडी काढली.